छावणीतली शाळा

आमच्या घरात पादरी म्हटलं की पलटण आठवायची. हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. गोरे अंमलदार, घोडदळ आणि त्यांच्या जिवावर चालणारा बाजार. पणजोबा छावणीला दाणावैरण पुरवत. अधूनमधून घोड्यावरून पादरी यायचा, पलटणीतल्या ख्रिस्ती लोकांना भेटून परत जायचा, गावाशी त्याचं बोलणं नसे, असं ते आजोबांना सांगत. 1903 साली कंटिन्जंट ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात मिसळली, छावणी उठली आणि बाजार बसला. पादरीही दिसेनासा झाला. घरात राहिला तो फक्त त्याचा धाक.

म्हणून मला औरंगाबादेत मामाकडे ठेवून सिस्टरांच्या शाळेत घालायचं ठरलं तेव्हा आत्याने रडून घर डोक्यावर घेतलं. "पोरीला बाटवून ठेवतील त्या बाया, मग लगीन कोन करंल हिचं?" आजोबा शांतपणे म्हणाले, "शाळा मराठी हाय ना? मग जाऊ द्या."

त्या एका वाक्यामागे त्यांचं सगळं बालपण होतं. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूत. पाढे घरी मराठीत पाठ करायचे आणि शाळेत गणित उर्दूत सोडवायचं. त्रिकोण काढला की मास्तरांसमोर 'मुसल्लस' म्हणायचं. आजोबांची उर्दू फार सुंदर होती, शेवटपर्यंत हिशेबाची वही ते त्याच लिपीत लिहीत. उर्दूवर त्यांचा राग मुळीच नव्हता. पण ज्ञानेश्वरी ते शिकले ती देवळात, थंडीच्या पहाटे, शाळेत नाही, आणि ही खंत त्यांनी 1948 च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेल्यावरही मनातून जाऊ दिली नाही.

शाळा औरंगाबादच्या छावणीत होती. पुन्हा छावणीच! पूर्णेला गाडी बदलून आम्ही जायचो, ट्रंकेत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि सिस्टरांसाठी आईने दिलेली हळदीची पुरचुंडी. एकदा ती फुटली आणि माझी भूगोलाची वही वर्षभर पिवळी राहिली. सिस्टरांनी ती बदलू दिली नाही, "तुझ्या गावाचा रंग आहे," म्हणाल्या.

सकाळी प्रार्थना व्हायची. मग ख्रिस्ती मुली धर्मशिक्षणाला जात आणि आम्ही बाकीच्या नीतिशिक्षणाला. मला कुणी कधी बाटवलं नाही. मात्र अक्षर घोटून घेतलं, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीला दहा वेळा तोच शब्द लिहायला लावला. नाताळात गव्हाणी करायला आम्ही सगळ्याच मुली माती कालवायचो.

शाळेत एक म्हातारे मास्तर होते, वैजापूरकडचे. मधल्या सुट्टीत आम्ही त्यांच्याभोवती बसायचो. त्यांच्या गोष्टीतला पादरी पलटणीमागून येणारा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फादर जाकिये घोगरगावात येऊन राहिले, संत फ्रान्सिस द सालच्या नावाने चालणाऱ्या फ्रेंच संघाचे. तेव्हा हा सगळा मुलूख नागपूरच्या धर्मप्रांतात होता. औरंगाबादचा वेगळा धर्मप्रांत 1977 साली झाला. मास्तर सांगत, फादर मराठी शिकले, त्यांनी भाकरी खाल्ली आणि गावकुसाबाहेरच्या पोरांच्या हातात पाटी दिली. "माझ्या बापाच्या हातात पयली पाटी त्येंनीच दिली," हे सांगताना ते दरवेळी उठून उभे राहत. मला वाटतं, मराठवाड्यातल्या मिशनचा इतिहास लिहायचा तर त्या पाटीपासून लिहायला हवा. धर्मांतराच्या वादात ती पाटी फार लवकर विसरली जाते.

मराठीच्या बाईंनी नववीत आम्हाला 'ख्रिस्तपुराणा'बद्दल सांगितलं. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणं सुटली होती, त्यांना वाचायला काहीतरी हवं होतं. स्टीफन्सनी जवळजवळ अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा रचली. 1616 साली ती छापली गेली, तीही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे.

दसऱ्याच्या सुट्टीत हिंगोलीला आले तेव्हा काही ओव्या मी वहीत उतरवून आणल्या होत्या. आजोबांना वाचून दाखवल्या. त्यांनी डोळे मिटून बोटांवर चरण मोजले. "हा पादरी ज्ञानोबाच्या वाटेनं आलाय," म्हणाले, आणि आत्याला हाक मारून तिलाही बसवलं. आत्याने ऐकलं, हात जोडले. ती देवाच्या कुठल्याही गोष्टीला हात जोडायची.

2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला त्र्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं. आमच्या नरसीच्या नामदेवांचं मडकं कच्चं ठरवणाऱ्या गोरोबाकाकांचं नाव संमेलनाच्या नगरीला होतं आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुबोध बायबल'चे लेखक. त्या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. विरोध झाला होता, तरी मांडव भरला. एकेकाळी निजामाच्या अमलाखाली असलेल्या त्या जिल्ह्यात मी मुद्दाम एसटीने गेले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती का?" मी म्हटलं, "नाही हो, पण माझी मराठी सिस्टरांच्या शाळेतली." त्या सरकून जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "माझीसुद्धा."