नागपाड्यात सुरू झालेलं शिक्षण

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. बारावीच्या निकालानंतर आमची एक जुनी विद्यार्थिनी अब्बांना घेऊन घरी आली. तिला समाजशास्त्र घेऊन बीए करायचं होतं. अब्बांचं म्हणणं, डीएड कर, नाहीतर फार्मसी. "सर, समाज शिकायला कॉलेज कशाला? मोहल्ल्यात राहिलं की समजतो," ते म्हणाले. मला लगेच उत्तर सुचलं नाही. ते आता लिहितो आहे.

शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्येही हाच वाद होता. गरीब माणूस गरीब का असतो? तो आळशी असतो, दारू पितो, असं खैरात करणाऱ्या अनेक संस्थांचं मत होतं. त्यामुळे मदत करायची ती माणूस पारखून, आणि जोडीला उपदेश. बिॲट्रिस वेब यांनी १९०९ साली याविरुद्ध मत मांडलं. गरिबीची कारणं मजुरी, बेकारी, आजारपण यांत आहेत, ती शोधली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

शोधायला पैसा लागतो. तो आला आपल्याकडून. जमशेदजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांच्या देणगीतून १९१२ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गरिबीच्या अभ्यासाचं काम उभं राहिलं. या घराण्याची संपत्ती नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांतून वाढलेली. म्हणजे लंडनची गरिबी मोजायला लागलेल्या पैशात आपल्या गिरणी कामगारांचाही घाम होता. आर. एच. टॉनी यांनी तिथे साखळ्या बनवणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या कामगारांची मजुरी तपासली. किमान वेतन ठरवलं तर धंदा बुडेल, ही मालकांची ओरड खरी नाही, हे त्यातून दिसलं. त्याच काळात तिथे क्लेमंट ॲटली शिकवत होते. पुढे तेच पंतप्रधान झाले आणि त्यांच्याच सरकारने १९४८ साली सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. वर्गातला प्रश्न कायद्यापर्यंत जातो तो असा.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग १९१९ साली सुरू झाला. पहिले प्राध्यापक स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस. त्यांच्यानंतर १९२४ पासून मालवणचे गो. स. घुर्ये यांनी तो विभाग घडवला. मात्र घुर्यांचा भर संस्कृत ग्रंथ आणि हिंदू जातिव्यवस्थेवर होता. मुसलमानांमधल्या बिरादऱ्या, आपल्यातलं अशराफ-अजलाफ, याकडे अभ्यासकांचं लक्ष उशिरा गेलं. इम्तियाज अहमद यांनी संपादित केलेलं मुस्लिमांमधल्या जातींवरचं पुस्तक १९७३ सालचं. आपण आपल्याबद्दल लिहिलं नाही, तर दुसरा त्याला दिसेल तेवढंच लिहितो. डॉ. आंबेडकरांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. सोसलेला माणूसच अभ्यासक झाला की प्रश्न कसे बदलतात, ते तिथे दिसतं.

आता मोहल्ल्याची गोष्ट. समाजकार्याचं उच्चशिक्षण देणारी देशातली पहिली संस्था १९३६ साली कुठे सुरू झाली? नागपाड्यात. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी तिथे वस्तीत काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने टाटा ट्रस्टची ही संस्था उभी राहिली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे 'टिस'. पुढे ती देवनारला गेली. तिथून गोवंडी, शिवाजीनगर जवळच. मुंबईच्या २००९ च्या मानवी विकास अहवालात हाच एम-पूर्व विभाग सगळ्यात तळाला होता. दोन्हीकडे वस्ती आपली. पण त्या वर्गांत आपली मुलं किती बसली?

वर्षानुवर्षं आपण 'लांगूलचालन' हा शब्द ऐकला. तो शब्द कुणी मोजून पाहिला नव्हता. २००६ साली सच्चर समितीने मोजलं. २००१ च्या जनगणनेत मुस्लिम साक्षरता ५९.१ टक्के, देशाची ६५.१. आयएएस अधिकाऱ्यांत मुस्लिम ३ टक्के. महाराष्ट्रात महमूदुर रहमान समितीचा अहवाल २०१३ साली आला. २०१४ च्या जुलैत ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतलं आरक्षण रोखलं, शिक्षणातलं राहू दिलं. पुढे अध्यादेशाचा कायदाच झाला नाही आणि तेही गेलं. आकडे होते, पण आकडे आपोआप चालत विधानसभेत जात नाहीत. ते वाचणारे, मांडणारे, रेटणारे लोक लागतात.

त्या अब्बांना मला एवढंच सांगायचं आहे. मोहल्ल्यात राहून दुःख कळतं, त्याचं कारण कळत नाही. शेजारच्या पोराने सातवीत शाळा का सोडली हे तुम्हाला माहीत आहे. पण अशी हजार पोरं एकाच वयात शाळा का सोडतात, आणि कोणता निर्णय बदलला तर थांबतील, हे शिकावं लागतं. फार्मसीत नोकरी लवकर मिळते, हे मान्य. उर्दू माध्यमातल्या मुलीला पदवीला मराठीत किंवा इंग्रजीत लिहिणं जड जातं, हेही खरं. मराठीचा भाग मी बघतो. आठवड्यातून दोनदा तिला माझ्याकडे पाठवा.