जोड-रोबो खेळण्यांची निगा : ताणामुळे होणारी हानी कशी टाळावी

पाच-सहा स्वतंत्र वाहने, प्राणी किंवा छोटे रोबो एकमेकांत गुंतवून ज्यांतून एकच मोठा रोबो उभा करता येतो, त्या खेळण्यांना या लेखात ‘जोड-रोबो’ म्हटले आहे. संग्राहकांत त्यांना ‘कंबायनर’ हे नाव रूढ आहे. अशा खेळण्याचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे त्याचे सांधे. खुंटी तुटलेली दिसते ती एका क्षणी. पण ती तुटण्याची तयारी बहुधा कित्येक महिने आधी सुरू झालेली असते. सतत दाबून धरलेली खुंटी, वजन पेलणारा गुडघा किंवा ताणून ठेवलेली स्प्रिंग यांमुळे प्लास्टिक आतून थकत जाते आणि एखाद्या दिवशी नेहमीच्याच हालचालीने ते मोडते. संघातील पाचांपैकी एकाचा गुडघा निकामी झाला, की मोठा रोबो उभा राहू शकत नाही. जुन्या खेळण्यांचे सुटे भाग आता तयारही होत नाहीत. म्हणून येथे दुरुस्तीपेक्षा प्रतिबंधाला अधिक मोल आहे.

थोडी पार्श्वभूमी

जोडल्या जाणाऱ्या रोबोंची कल्पना जपानी दूरचित्रवाणी मालिकांतून रुजली. १९७४ च्या ‘गेटर रोबो’ मालिकेत तीन विमाने एकत्र येऊन रोबो बनत. १९७६ च्या ‘कॉम्बॅटलर व्ही’ मालिकेतील पाच वाहनांची जोडणी मात्र खेळण्यातही प्रत्यक्ष करता येत होती. ही खेळणी बांडाईची उपकंपनी असलेल्या पॉपीने बाजारात आणली. पॉपीच्या ‘चोगोकिन’ मालिकेत जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग वापरले जात. त्यामुळे खेळणे हाताला भारदस्त लागे. १९८१ च्या ‘गोलायन’ मालिकेतील पाच सिंह १९८४ मध्ये अमेरिकेत ‘व्होल्ट्रॉन’ या नावाने पोहोचले. त्यात काळा सिंह धड होतो, लाल व हिरवा हात होतात, तर निळा व पिवळा पाय.

त्याच वर्षी हॅस्ब्रोने ताकारा या जपानी कंपनीची खेळणी घेऊन ‘ट्रान्सफॉर्मर्स’ सुरू केले. १९८५ मध्ये बांधकामाच्या सहा यंत्रांपासून बनणारा ‘डेव्हस्टेटर’ आला. १९८६ च्या संघांत एक मोठा रोबो धड होई आणि उरलेले चार हात किंवा पाय, कोणत्याही जागी बसत. ही अदलाबदल खेळायला मजेची. पण तिच्यामुळे त्याच खुंट्या आणि खाचा शेकडो वेळा घासल्या गेल्या. २०१५ च्या ‘कंबायनर वॉर्स’ मालिकेतील डेव्हस्टेटर तर सुमारे ४६ सेंटिमीटर उंच आहे. भारतात हॅस्ब्रोची खेळणी फनस्कूल कंपनीमार्फत आली. एमआरएफ समूहाच्या या कंपनीचा एक कारखाना गोव्यात आहे.

ताण कोठे साठतो

उंची वाढली की सांध्यांवरील भार नुसत्या उंचीच्या प्रमाणात वाढत नाही. एखादी प्रतिकृती सर्व बाजूंनी दुप्पट केली तर तिचे वजन आठपट होते, पण सांध्याच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपटच होते. म्हणजे प्लास्टिकच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर दुप्पट भार येतो. शिवाय हात बाजूला पसरलेला असेल तर त्याचे वजन तरफेसारखे खांद्यावर काम करते. याच कारणाने मोठ्या रोबोचे नितंब, गुडघे, घोटे आणि खांदे आधी सैल पडतात किंवा तडकतात.

तडा सहसा तीन ठिकाणी सुरू होतो. पहिले ठिकाण म्हणजे खुंटीच्या मुळाशी असलेला आतला काटकोन. दुसरे, पोलादी पिन ज्या छिद्रातून जाते त्याची कड. साच्यात वितळलेले प्लास्टिक छिद्राभोवती दोन प्रवाहांत विभागून पलीकडे पुन्हा मिळते; ती मिलनरेषा उरलेल्या भागापेक्षा कमजोर असते. तिसरे ठिकाण म्हणजे स्क्रू ज्यात शिरतो ती पोकळ नळी.

कोणता पदार्थ कसा वागतो

रोबोचे मुख्य भाग बहुधा एबीएस प्लास्टिकचे असतात. त्यात रबराचे सूक्ष्म कण असल्याने ते चिवट असते. मर्यादेबाहेर वाकले की त्यात सूक्ष्म पोकळ्या पडतात, त्या प्रकाश विखुरतात आणि तेथे पांढरा वळ उमटतो. गडद रंगाच्या भागावर हा वळ स्पष्ट दिसतो. तो मळ नसून पूर्वसूचना असते.

पारदर्शक भाग पॉलिस्टायरीन किंवा पॉलिकार्बोनेटचे असतात. पॉलिस्टायरीन ठिसूळ असते, तर पॉलिकार्बोनेट चिवट असले तरी रसायनांना हळवे असते. पारदर्शक सांधा नेहमी अधिक जपून हलवावा. काही खेळण्यांत झिजणाऱ्या सांध्यांसाठी पॉलिॲसिटल वापरतात. ते गुळगुळीत आणि टिकाऊ असते, पण त्याला गोंद जवळजवळ धरत नाही.

दोन दोष मात्र मालकाच्या हाताबाहेरचे आहेत. सोनेरी किंवा चकचकीत कण मिसळलेले काही जुने प्लास्टिक कालांतराने इतके ठिसूळ होते की बोटाच्या दाबाने त्याचा भुगा होतो. तसेच जस्ताच्या मिश्रधातूत शिसे, कथील वा कॅडमियमची अशुद्धी राहिली असेल तर भाग फुगतो आणि त्याला भेगा पडतात. दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. यांवर उपाय नाही. असे भाग ओळखता आले तर ते हलवू नयेत, रूपांतर न करता ठेवावेत.

जोडणी करताना

प्रथम त्या खेळण्याची सूचनापत्रिका वाचावी. क्रम चुकला की दोन भाग एकमेकांना अडतात आणि मग जोर लावला जातो. भाग अडला तर थांबावे आणि कोणती कडी उघडायची राहिली ते पाहावे. पुढील सवयी उपयोगी पडतात.

खुंटी सरळ रेषेत आत ढकलावी आणि सरळच बाहेर काढावी. डावी-उजवीकडे हलवत काढल्यास मुळाशी तडा जातो. सांध्याच्या अगदी जवळ धरावे. पायाचे टोक धरून गुडघा वाकवणे म्हणजे आपणच लांब तरफ वापरणे. दातेरी चक्राचा सांधा ‘कट्‌कट्’ आवाज करीत फिरतो. तो दोन दातांच्या मध्ये अडकवून ठेवू नये. उखळीच्या सांध्यातील गोळा निखळण्यासाठीच बनवलेला असेल तर तो निखळू द्यावा; पुन्हा बसवता येतो. थंडगार वातानुकूलित खोलीत ठेवलेले किंवा नुकतेच पार्सलमधून आलेले खेळणे लगेच वाकवू नये, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. थंड प्लास्टिक अधिक ठिसूळ असते.

खुंटी खाचेत फारच घट्ट बसत असेल, तर केस वाळवण्याच्या यंत्राची मंद हवा हातभर अंतरावरून खाचेच्या बाजूला काही सेकंद द्यावी. भाग हाताला कोमट लागावा, गरम नव्हे. तरीही घट्टपणा कायम राहिला तर अतिबारीक पॉलिश पेपरने खुंटी थोडी थोडी घासून पाहावी. सिलिकॉन तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने लावला तरी घर्षण कमी होते. शिलाई यंत्राचे तेल किंवा गंज सोडवणारा फवारा मात्र वापरू नये.

सैल सांध्यासाठी नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन पट्टी हा सर्वांत निरुपद्रवी उपाय आहे, कारण ती केव्हाही काढता येते. नखपॉलिश लावण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, पण त्यातील द्रावके एबीएस मऊ करतात. ते लावायचेच असेल तर अगदी पातळ थर द्यावा आणि पूर्ण वाळल्यावरच सांधा जोडावा.

स्क्रू परत बसवताना तो आधी उलट दिशेने हळू फिरवावा. जुन्या आट्यांवर पोहोचला की तो किंचित खाली बसल्याचे जाणवते. मगच सरळ फिरवावा. असे न केल्यास स्क्रू नवे आटे कोरतो आणि नळी फाटते. घट्ट लागताच थांबावे.

मांडून ठेवताना

जोड-रोबो काचेच्या कपाटात कायम जोडलेलाच उभा करण्याची हौस समजण्यासारखी आहे. परंतु सततच्या भाराखाली प्लास्टिक हळूहळू आकार सोडते. तंत्रज्ञ याला ‘क्रीप’ म्हणतात. उष्णतेत ही क्रिया वेग घेते. म्हणून उभा रोबो निवडायचाच असेल तर गुडघे सरळ, पाय थोडे फाकलेले आणि हात अंगालगत असावेत, म्हणजे वजन सरळ खाली उतरते. झेप घेतल्याचा आविर्भाव हवा असेल तर कमरेखाली आधाराची दांडी द्यावी. काही महिन्यांनी रोबो सुटा करून सांध्यांना विसावा द्यावा, आणि दीर्घकाळ पेटीत ठेवताना तो सुटाच ठेवावा. क्षेपणास्त्र उडवणारी स्प्रिंग कधीही ताणलेल्या स्थितीत ठेवू नये. बॅटरी असल्यास ती काढून ठेवावी.

पेटीत ठेवताना एका भागाचे वजन दुसऱ्यावर येऊ नये. मऊ पीव्हीसीचे भाग किंवा पिशव्या कडक प्लास्टिकला महिनोन्‌महिने चिकटून राहिल्यास त्यातील मऊपणा आणणारे द्रव्य झिरपून डाग आणि चिकटपणा निर्माण होतो. मध्ये साधा पांढरा, आम्लरहित कागद घालावा.

दमट हवा आणि घरातील रसायने

गोव्यासारख्या किनारपट्टीच्या प्रदेशात पावसाळ्याचे चार महिने आणि खारा वारा हे जोड-रोबोचे मोठे शत्रू ठरतात. प्लास्टिकला पाण्याची फारशी बाधा होत नाही. पण सांध्यातील पोलादी पिन गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून पिन फुगते आणि भोवतीचे छिद्र आतून फाकवते. बंद कपाट, सिलिका जेलच्या पुड्या आणि त्या पुड्या वेळोवेळी वाळवणे किंवा बदलणे, एवढ्याने बराच बचाव होतो.

तापमानाच्या चढउतारानेही सांधा थकतो. एबीएस प्लास्टिक तापल्यावर जस्ताच्या मिश्रधातूच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, तर पोलादाच्या त्याहूनही अधिक पट. धातू आणि प्लास्टिक घट्ट गुंतलेले असतात तेथे ही ओढाताण रोज घडते. खिडकीतले ऊन, दिव्याची उष्णता आणि बंद मोटारगाडी टाळावी. उन्हातील अतिनील किरणांनी एबीएस पिवळे पडते व पृष्ठभाग ठिसूळ होतो. पिवळेपणा घालवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. त्याने रंग उजळतो, गेलेली ताकद परत येत नाही.

ताणाखालील प्लास्टिकला चुकीचे रसायन लागले तर एरवी वर्षानुवर्षे न पडणारा तडा काही मिनिटांतही पडू शकतो. निर्जंतुक करण्याचे अल्कोहोल, रेषा रंगवण्याच्या पातळ इनॅमल रंगातील द्रावक, खाद्यतेल यांचा त्यात समावेश होतो. डास घालवणाऱ्या क्रीममधील ‘डीट’ अनेक प्लास्टिक विरघळवते. कपाटात सवयीने ठेवल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्यांची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते, म्हणून खेळण्यांच्या कपाटात त्या नसाव्यात. खेळणे हाताळण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. पुसण्यासाठी मऊ ब्रश किंवा किंचित ओलसर सुती फडके पुरते. पिनांच्या छिद्रांत पाणी जाऊ देऊ नये.

विकत घेताना आणि मोडल्यावर

जुना जोड-रोबो विकत घेताना समोरच्या देखण्या छायाचित्रावर विसंबू नये. गुडघ्याची मागची बाजू, खांद्याचे छिद्र, खुंट्यांची मुळे आणि स्क्रूच्या नळ्या यांची जवळून काढलेली छायाचित्रे मागावीत. जोडलेल्या आणि सुट्या अशा दोन्ही अवस्थांतील छायाचित्रे असावीत. मुठी, शस्त्रे, छातीची पट्टी असे छोटे जोडभाग मोजून घ्यावेत. हरवण्यात तेच पहिले असतात.

पांढरा वळ दिसला तर तो सांधा पुन्हा तितका वाकवू नये. कोमट हवेने वळ फिकट होतो, पण आतील इजा पूर्ण भरून येत नाही. भाग तुटलाच तर दोन्ही तुकडे जपून ठेवावेत, तुटलेल्या कडा घासू नयेत. एबीएससाठी प्लास्टिक वितळवून जोडणारा सिमेंट योग्य ठरतो. झटपट चिकटणारा गोंद कडक होतो, धक्क्याने सुटतो आणि पारदर्शक भागावर पांढुरकी झाक आणतो. भार पेलणाऱ्या खुंटीत नुसत्या गोंदावर भिस्त न ठेवता बारीक छिद्र पाडून धातूची तार बसवावी लागते. हे काम सराव असलेल्याकडेच द्यावे.

घरातील मुलांपासून ही खेळणी कुलपात ठेवण्याची गरज नाही. जोडणीचा क्रम एकदा शेजारी बसून दाखवावा, कोणता सांधा किती वळतो ते मुलाच्या हाताने करून पाहू द्यावे आणि अडले की ओढायचे नाही, विचारायचे, एवढा एक नियम ठरवावा.