कर्जदार हाही ग्राहकच

चिंचपोकळी, करी रोड, लालबाग, परळ या गिरणगावच्या पट्ट्यात कर्जाचा इतिहास गिरण्यांइतकाच जुना आहे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभा राहणारा पठाण सावकार आणि वाण्याकडचे उधारीचे खाते यांवाचून कामगाराचा संसार चालत नसे. कामगारांना महिन्याच्या पैशावर जेवण देणाऱ्या खाणावळवाल्या बायाही याच चक्रात अडकलेल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. मुंबई ग्राहक पंचायतीचे कामही त्याच वर्षी सुरू झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडले आणि त्या जागी टॉवर उभे राहिले. सावकाराच्या जागी बँक, वित्त कंपनी आणि मोबाइलवरील ॲप आले. वस्तू घेणारा आणि कर्ज घेणारा, दोघांनाही आज कायद्याचे संरक्षण आहे. तथापि प्रत्येक तक्रारीचा दरवाजा निराळा असल्याने तो ठाऊक नसेल तर हक्क कागदावरच राहतो.

कायद्याची वाटचाल

ग्राहक संरक्षण कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. ‘सेवा’ या संज्ञेत बँकिंग व वित्तपुरवठा यांचा समावेश असल्याने कर्जदारही आरंभापासून ग्राहक ठरला. घरबांधणीचा समावेश १९९३ मध्ये झाला. या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि जिल्हा मंचाचा ‘जिल्हा आयोग’ झाला. व्यापारी हेतूने केलेली खरेदी या कायद्याच्या बाहेर आहे. मात्र केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला हा अपवाद लागू होत नाही. पोळीभाजी विकणाऱ्या बाईने घेतलेले कणीक मळण्याचे यंत्र सदोष निघाले, तर ती ग्राहकच असते.

खरेदीदाराचे हक्क

बिल न देणे ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा आहे. त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत दुकानदाराचा बचाव होऊ शकत नाही.

घराच्या खरेदीला रेरा कायद्याचे अधिक संरक्षण आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा लांबल्यास खरेदीदार व्याजासह पैसे परत मागू शकतो किंवा घर कायम ठेवून विलंबाचे व्याज घेऊ शकतो. रेरा असले तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दिला.

कर्जदाराचे हक्क

१ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तिगत मुदत कर्ज देताना कर्जाचा वार्षिक खर्च, शुल्के व अटी एकत्र मांडणारे विवरण देणे बँकांना व वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. हप्ता चुकल्यास दंडव्याज लावता येत नाही. वाजवी दंडशुल्क आकारता येते, परंतु ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. वसुली एजंटांनी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर फोन करू नयेत, धमक्या देऊ नयेत, नातेवाइकांत बदनामी करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. वसुलीसाठी गुंड पाठविण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच कठोर ताशेरे ओढले होते. कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. विलंबास कर्ज देणारी संस्था जबाबदार असेल, तर तिने प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा नियम आहे.

याचा अर्थ कर्ज माफ होते असा नव्हे. गृहकर्ज थकल्यास बँक सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देते. तीकडे दुर्लक्ष करणे घातक ठरते. तिला लेखी हरकत घेता येते आणि पुढील जप्तीविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागते. तेथे ग्राहक आयोगाचा उपयोग होत नाही.

खासगी सावकारीला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. चक्रवाढ व्याज व मुद्दलापेक्षा अधिक व्याज यांनाही मनाई आहे. त्याविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करावी लागते.

दाद कोठे मागावी?

बँक किंवा वित्त कंपनीविरुद्ध प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. वस्तू व सेवांबाबत १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार चालते. चिंचपोकळीच्या रहिवाशांना या वाटेची ओळख जुनी आहे. दक्षिण व मध्य मुंबईच्या ग्राहक मंचांचा कारभार जवळच परळच्या पुरवठा भवनातून चालत आला.

मुदत मात्र दोनच वर्षांची असते. तक्रारीचे कारण घडल्यापासून ती मोजली जाते आणि उशिराला सबळ कारण द्यावे लागते. दुकानदाराशी किंवा बँकेशी तोंडी बोलण्यात गेलेले महिने आयोगापुढे मोजले जात नाहीत. बिल, हमीपत्र, कराराची प्रत, हप्त्यांचा उतारा आणि पोच घेतलेला अर्ज, हे कागद जपणाऱ्याची बाजू आयोगापुढे भक्कम होते. पठाणाच्या काळात कामगाराच्या हाती कागदच नसे. आज तो असतो, पण बहुधा न वाचता सही करून दिलेला असतो. ही सही करण्यापूर्वीचा अर्धा तास ग्राहकाच्या फार उपयोगी पडतो.