एका बर्थचे दोन धनी

छाटणीच्या वेळी कामगारांची ज्येष्ठतायादी आम्ही दोन ठिकाणी तपासतो : कारखान्याच्या कचेरीत आणि युनियनच्या कपाटात. दोहोंत एका तारखेचा फरक पडला, तरी एका घराची भाकरी जाते. म्हणून एकाच नोंदीच्या अनेक नकला जुळत्या कशा ठेवाव्यात, हा प्रश्न आम्हांस केवळ यंत्रशास्त्राचा वाटत नाही.

रेल्वे-आरक्षणाचा इतिहास पाहावा. पूर्वी गाडीतील जागा वहीत लिहीत. वही एका ठिकाणी, म्हणून मधल्या स्थानकांना ठराविक कोटा वाटून दिलेला असे. त्यामुळे एक बर्थ दोघांस जाण्याची भीती कमी. पण एका स्थानकाच्या वाट्याच्या जागा रिकाम्या राहत आणि दुसऱ्या स्थानकावरची रांग रिकाम्या हाताने परते. १९८५ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे उभी राहिली आणि १९९९ मध्ये ती परस्परांस जोडली गेली.

आता समजा, आपल्या गावावरून मुंबईस जाणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेसची नोंद पाचही केंद्रांत ठेवली. येथील व मुंबईच्या खिडकीस एकाच क्षणी एकच बर्थ रिकामा दिसला, तर? यावर उपाय कुलुपाचा. जो आधी मागेल त्याने सर्व नकलांस कुलूप लावावे, नोंद बदलावी, मग कुलूप उघडावे. दुसऱ्याने तोवर थांबावे. १९७६ मध्ये आयबीएमच्या एस्वरन, ग्रे, लॉरी व ट्रेगर यांनी याचा नियम मांडला : व्यवहाराने एकदा कुलूप सोडले, की नवे घेऊ नये. तथापि दोघे एकमेकांच्या कुलुपासाठी अडून बसले, तर एकाला माघार घ्यावीच लागते. शिवाय सर्वच नकलांस कुलूप लावायचे म्हटले, की एक केंद्र बंद पडताच सारे अडते.

रेल्वेने सरळ मार्ग पत्करला. प्रत्येक गाडीची नोंद एकाच केंद्राकडे ठेवली. इतर केंद्रांची मागणी तिकडेच जाऊ लागली. कुलूप एकाच घरी लागले. मात्र संपर्क तुटला, की त्या गाडीचे तिकीट मिळेना. रांगेतला माणूस चिडे, आणि ते रास्तच होते. पण थांबण्याचा त्रास तासा-दोन तासांचा. एका जागेचे दोन धनी झाले, तर रात्रभर उभा राहतो तो दुबळाच.

ज्येष्ठतायादीलाही आम्ही हाच नियम लावतो : दोन्ही प्रतींवर दोन्ही पक्षांची सही झाल्याखेरीज एकही तारीख बदलायची नाही.