भटक्या मज्जातंतूचा उलटा निरोप

लॅटिनमध्ये ‘व्हेगस’ म्हणजे भटका. मेंदूच्या बुंध्यातून, म्हणजे मस्तिष्कस्तंभातून, निघून गळा, हृदय, फुप्फुसे करीत पोटापर्यंत फिरणाऱ्या मज्जातंतूला हे नाव शोभते. १८४५ साली जर्मनीच्या वेबर बंधूंनी त्याला वीज देऊन हृदय मंदावते, थांबतेही, हे दाखवले. मेंदू हुकूम सोडतो आणि व्हेगस तो खाली पोचवतो, ही समजूत त्यातून पक्की झाली.

न्यूयॉर्कच्या जेम्स कॉर्निंग यांनी १८८०च्या दशकात याच समजुतीवर अपस्माराचा उपचार बेतला. मेंदूत रक्त जास्त चढल्याने झटके येतात, असे त्यांचे मत. म्हणून मानेतल्या रोहिण्या दाबायच्या आणि विजेने व्हेगस चेतवून हृदय मंद करायचे. उपचार टिकला नाही. शतक संपेपर्यंत मागे पडला.

पुढे १९३७ मध्ये फोली आणि डुबॉय यांनी मांजराच्या व्हेगसमधले तंतू मोजले. बहुसंख्य तंतू खालचा निरोप वर नेणारे निघाले! पुढच्याच वर्षी बेली आणि ब्रेमर यांना व्हेगस चेतवल्यावर मांजराच्या मेंदूच्या विद्युत-आलेखात बदल दिसला. वाट दुहेरी होती, आणि वर्दळ मुख्यतः वरच्या दिशेने होती.

जेकब झबारा यांनी १९८५ मध्ये कुत्र्यांचे झटके या मार्गाने थांबवले. १९८८ मध्ये अमेरिकेत पहिल्या रुग्णाच्या छातीत यंत्र बसले आणि १९९७ मध्ये तिथे सरकारी मान्यता मिळाली. सर्वसाधारण लय ठरली ती अशी : तीस सेकंद चालू, पाच मिनिटे बंद. पण या लयीने मस्तिष्कस्तंभात नेमके काय घडते?

तिथे ‘लोकस सेरुलियस’ नावाचा पेशींचा छोटा पुंजका आहे. मेंदूभर नॉरअॅड्रेनालिन पुरवणारा हा मुख्य झरा. १९९८ मध्ये उंदरांमधला हा पुंजका निकामी केला, तेव्हा व्हेगसचा झटके आवरण्याचा गुणही ओसरला. २०१७ मध्ये डॅलसच्या संशोधकांनी उंदरांमधल्या याच पेशींचे स्पंदन टिपले. विजेचा जोर किंवा प्रत्येक ठोक्याची लांबी वाढवली, की पेशी अधिक स्पंदत. ठोक्यांचा वेग बदलला, तर एकूण स्पंदने जवळपास तेवढीच राहत; बदले ती त्यांची वेळ.

वेळेचे हे महत्त्व पक्षाघाताच्या उपचारात कामी आले. अमेरिकेत २०२१ मध्ये मान्य झालेल्या पद्धतीत रुग्ण दुबळा हात हलवतो, त्याच क्षणी अर्धा सेकंद वीज दिली जाते.

कॉर्निंग यांचा हात योग्य मज्जातंतूवर पडला होता, पण कारण चुकले होते. आजही अपस्माराच्या काही रुग्णांना या यंत्राचा गुण येत नाही. त्यांच्यासाठी यंत्र निरुपयोगी म्हणण्याआधी त्याची लय तपासून पाहायला हवी.