लाइट गेली तरी केक फुगतो! भोर-वेल्ह्यातला कढईतला केक नेमका होतो कसा?

पुण्यातून घेतलेला एक किलोचा क्रीम केक मे महिन्यात दुचाकीवरून वेल्ह्याला नेऊन बघा. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, मग नसरापूरपासून आत वळलेला रस्ता. खोका मांडीवर धरून बसलेल्या माणसाचे हात अवघडतात आणि खोका उघडल्यावर बाळाचं नाव केकच्या कडेवरून खाली ओघळलेलं असतं. फोटो काढायचा तर कुठल्या बाजूने, यावर घरात चर्चा सुरू होते.

म्हणूनच या भागात बरेच जण केक घरीच करतात. बहुतेक वेळा ओव्हन नसतो. असला तरी ऐन वेळी लाइट असेलच असं नाही. मग मोबाईलवर एखादा व्हिडिओ लावून कुकर किंवा कढई गॅसवर चढते. कधी झकास फुगतो, कधी मधोमध खड्डा पडतो, कधी खालून कोळसा आणि वरून पांढराफटक. हे असं का होतं, आणि त्यातली कुठली चूक फक्त चवीपुरती नसून धोक्याची आहे, ते बघू.

आधी जरा भूगोल

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येचे शेजारी तालुके. वेल्हे तालुक्याचं नाव 'राजगड' करायला राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली, पण बोलताना लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे, म्हणून इथेही तेच वापरतोय. राजगड, तोरणा, भाटघर, पानशेत ही नावं ट्रेकिंगच्या रील्समधून सगळ्यांना पाठ आहेत. मुद्दा असा की हा सह्याद्रीचा पट्टा आहे. पाऊस भरपूर, शेतात भात (त्यातही इंद्रायणी), वरच्या उतारांवर नाचणी आणि वरई. पावसाळ्यात झाड पडलं, तार तुटली की वाडीवस्तीवर वीज तासन्‌तास गायब.

आता ओव्हनचं गणित बघा. घरगुती ओटीजी साधारण १,००० ते २,००० वॅटचा असतो. १,५०० वॅटचा ओटीजी तासभर सलग चालला तर दीड युनिट वीज. म्हणजे बिल फार नाही. पण घरच्या साध्या इन्व्हर्टरवर हा भार पेलत नाही. म्हणजे लाइट गेली की ओटीजी ठप्प.

आणि वेळही वाईट असते. केक ओव्हनमध्ये गेल्यावर पहिली १५-२० मिनिटं तो नुसता हवेवर उभा असतो. आत वायूचे बुडबुडे फुगलेले असतात, पण पिठातला स्टार्च शिजून भिंती पक्क्या झालेल्या नसतात. ते काम साधारण ६० ते ८० अंशांच्या पुढे होतं. त्याआधी उष्णता तुटली की बुडबुडे फुटतात आणि केक बसतो. लाइट गेलीच, तर ओटीजीचं दार उघडून डोकावू नका. आतली धग थोडा वेळ टिकते. तेवढ्यात कढई तापवायला ठेवा, झाकण घाला, आणि ती कडकडीत झाली की डबा न हिंदकळता तिच्यात हलवा. अर्धा भाजलेला केक असा वाचतो. तो फार देखणा होत नाही, पण खायला चांगला लागतो.

हे रील्सनी शिकवलेलं नाही

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये बिस्किटांचा चुरा, दूध आणि इनोची पुडी घालून केलेला कुकर-केक घराघरात पोहोचला, हे खरं. पण ओव्हनशिवाय भाजणं आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

भोरहून वरंधा घाट उतरलं की महाड, म्हणजे कोकण. तिथे पावसाळ्यात मोठ्या काकड्या निघाल्या की 'धोंडस' किंवा 'तवसळी' करतात. तांदळाचा रवा भाजून घ्यायचा, त्यात किसलेली काकडी, गूळ, खोबरं घालून शिजवायचं, जाड बुडाच्या भांड्यात ओतायचं. भांडं मंद विस्तवावर, आणि झाकणावर निखारे. खालून आणि वरून दोन्हीकडून धग. आजच्या ओटीजीमध्ये वर आणि खाली दोन रॉड असतात, ते काम हेच.

दुसरी आठवण चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. शहरात आणि तालुक्याच्या गावांतही सुट्टीत किंवा दिवाळीत रवा, मैदा, साखर, तूप डब्यात भरून बेकरीत न्यायचं आणि नानकटाई भाजून आणायची. भट्टी बेकरीवाल्याची, माल आपला. आपल्या डब्यातलं तूप दुसऱ्याच्या नानकटाईत जाऊ नये म्हणून आई किंवा आजी तिथेच स्टुलावर बसून राहायची. घरी ओव्हन नसणं ही त्या पिढीला अडचण वाटलीच नाही.

कढईत नेमकं काय घडतं?

जाड बुडाची कढई किंवा पातेलं, तळाला बोटाच्या पेराएवढा वाळूचा किंवा मिठाचा थर, त्यावर स्टँड, स्टँडवर केकचा डबा, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं आधी तापवून घ्यायचं. एवढीच यंत्रणा.

वाळू किंवा मीठ कशासाठी? गॅसची ज्योत एका वर्तुळात लागते, त्यामुळे तळ तिथेच भडकतो. वाळू ती उष्णता पसरवते आणि धरून ठेवते. वाळू घेतली तर धुऊन खडखडीत वाळवलेली हवी. मीठ परत परत वापरता येतं, फक्त भाजण्यासाठीच. पण ॲल्युमिनियमच्या कढईत मीठ तसंच ठेवून देऊ नका. हवेतला ओलावा लागला की त्या जागी बारीक खड्डे पडतात, आणि वेल्ह्याच्या पावसाळ्यात ओलावा लागणारच.

वरून पांढरा राहतो, कारण कढईत उष्णता खालून आणि बाजूने येते, वरून जवळपास नाही. भर म्हणजे केकमधून निघालेली वाफ झाकणाला लागून थेंब होऊन परत केकवर पडते. झाकणाला आतून सुती फडकं बांधा, टोकं वर गाठ मारून घ्या म्हणजे ज्योतीपर्यंत लोंबणार नाहीत. तरी ओव्हनसारखा तांबूस रंग येणार नाही, हे आधीच मान्य करा. रंग हवाच असेल तर चुलीवर करा आणि झाकणावर निखारे ठेवा. पण ते पडवीत किंवा अंगणात. पाऊस आहे म्हणून दारंखिडक्या बंद करून निखारे पेटवले तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि तो जिवावर बेततो.

मग कुकर का नको?

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. बाकीचं विसरलात तरी चालेल.

व्हिडिओत सांगतात, 'कुकरची शिट्टी आणि रिंग काढा आणि पाणी न घालता तापवा.' शिट्टी आणि रिंग काढायची, कारण वाफ कोंडायची नसते आणि कोरड्या उष्णतेने रबर कडक होतं. इथपर्यंत बरोबर. पण झाकणावर आणखी एक छोटा भाग असतो, सेफ्टी व्हॉल्व्ह. अनेक कुकरमध्ये या व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. कुकरमधलं पाणी संपलं किंवा वाफेची वाट बंद झाली, तर तो धातू वितळतो आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळते. कुकर फुटण्यापासून वाचवणारी ही शेवटची सोय.

आता तुम्ही कुकर मुद्दाम कोरडा तापवताय, तोही पाऊण तास, झाकण लावून. व्हॉल्व्हच्या दृष्टीने हीच ती 'पाणी संपलं' अवस्था. तो वितळू शकतो किंवा खराब होऊ शकतो. वितळला तर कळतं तरी, कारण दुसऱ्या दिवशी डाळ लावली की शिट्टीच होत नाही. मग घाईत दुकानातून मिळेल तो व्हॉल्व्ह बसवला जातो, किंवा कुणीतरी तिथे स्क्रू ठोकून मोकळं होतं. खरा धोका इथे सुरू होतो. त्यात कोरड्या उष्णतेने भांड्याची कड वाकली तर झाकणही नीट बसत नाही.

कुकरच वापरायचा असेल तर त्याचं झाकण बाजूला ठेवा आणि वर साधी जाड ताटली झाका. किंवा डाळभाताचा कुकर सोडून एखादा जुना, निकामी झालेला भाजण्यासाठीच ठेवा. आमच्या मते मात्र जाड कढई कधीही बरी.

अंडं चालत नाही, मग फुगणार कसा?

श्रावण आहे, सोमवार आहे, मार्गशीर्षातला गुरुवार आहे, आजोबांच्या गळ्यात माळ आहे. वाढदिवस काही तिथी बघून येत नाही. त्यामुळे आपल्याकडे बिनअंड्याचा केक हा पर्याय नसून बऱ्याच घरांत तोच मुख्य केक.

गंमत म्हणजे यामागे एका इंग्रज केमिस्टच्या घरातली अडचण आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला अंडं आणि यीस्ट दोन्ही सोसत नव्हतं. तिच्यासाठी त्याने १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर. आपण फ्रूट सॅलडमध्ये घालतो ती कस्टर्ड पावडर त्याच वंशातली.

खाण्याचा सोडा आंबट पदार्थाला भेटला की कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्या वायूने केक फुगतो. दही, ताक, लिंबू, व्हिनेगर यापैकी काहीही चालतं. आंबट कमी आणि सोडा जास्त झाला तर उरलेला सोडा केकला साबणासारखी चव आणि पिवळट डाग देतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल आधीच एकत्र असतं. तिचा एक भाग ओलं झाल्यावर आणि उरलेला भाग तापल्यावर काम करतो, म्हणून थोडी उसंत मिळते. इनोमध्ये सोडा आणि सायट्रिक आम्ल असतं आणि ते ओलं होताच उसळतं. इनो घातल्यावर मिश्रण लगेच तापलेल्या कढईत गेलं पाहिजे. घालून ठेवलं आणि मग सिलिंडर बदलत बसलात, तर वायू गेला उडून.

प्रमाण सांगायचं तर १२५ ग्रॅम मैद्याला सपाट एक छोटा चमचा (५ मिली) बेकिंग पावडर. नुसता सोडा असेल तर पाव चमचा आणि सोबत दही. यापेक्षा जास्त घालून केक जास्त फुगत नाही. भराभर फुगून बसतो.

'एक वाटी' म्हणजे किती?

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि घरोघरी पोहोचलं. त्याचं एक कारण म्हणजे त्यातली वाटी-चमच्याची मापं. भाजी-आमटीला ही मापं उत्तम. केकला मात्र एक अट आहे. वाटी कुठलीही घ्या, पण शेवटपर्यंत एकच. मैदा आमटीच्या वाटीने आणि दही चटणीच्या वाटीने मोजलं की गणित बिघडलं. इंग्रजी रेसिपीतला 'कप' २४० मिलीचा असतो, आपला चहाचा कप त्याच्या बराच खाली. तेही एक कारण आहे फसण्याचं.

पहिल्यांदा करणाऱ्याने मैद्याऐवजी रव्याचा करावा. मैदा जास्त घोटला की चिवट होतो, रवा एवढा रुसत नाही. साधारण २०० मिलीची एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, पाऊण वाटी दही, पाव वाटी तेल किंवा पातळ तूप, अर्धी वाटी दूध. हे कालवून अर्धा तास झाकून ठेवा, रवा फुगेल. घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध. मग अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चार वेळा हलक्या हाताने ढवळून लगेच तूप लावलेल्या डब्यात. तापलेल्या कढईत मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं. पहिली २५ मिनिटं झाकण उघडायचं नाही, कितीही वास सुटला तरी. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला.

इथली नाचणी घालायची तर एक तृतीयांश रव्याच्या जागी घाला. नाचणीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे सगळीच नाचणी घेतली तर केक भुसभुशीत होऊन कापताना मोडतो. इंद्रायणीच्या पिठालाही तोच नियम. साखरेऐवजी गूळ घेतलात तर दूध थोडं कमी करा. आणि उंचीचा प्रश्न कुणी विचारलाच, तर भोर-वेल्ह्याची गावं एवढ्या उंचीवर नाहीत की रेसिपी बदलावी लागेल. तो विचार महाबळेश्वर-पाचगणीला करा.

क्रीमचं काय?

बाजारात मिळणारं व्हिपिंग क्रीम बहुतेकदा वनस्पती तेलाचं असतं आणि गोठवलेलंच ठेवावं लागतं. लाइट जाऊन ते विरघळलं आणि पुन्हा गोठलं की नीट फेटलं जात नाही. दुधाच्या क्रीमचा केक फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि उन्हाळ्यात त्याहूनही कमी. ५ ते ६० अंश हा जंतू वाढण्याचा पट्टा आहे. वाडीवर पाहुणे जमेपर्यंत, औक्षण होईपर्यंत आणि मामा पोहोचेपर्यंत दोन तास कधीच उलटून जातात.

त्यामुळे मधे जाम, वर पिठीसाखर, किंवा घट्ट चॉकलेटचा थर. मे महिन्यात फणसाचे गरे किंवा आंब्याचे काप कापायच्या वेळी वर ठेवा, आधी नको, पाणी सुटतं. (तलवारीने केक कापून रील टाकल्यावर गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. सुरी पुरते.)

मैत्रिणीने पैसे दिले तर?

घरच्यांसाठी केला, विषय संपला. पण केक बरा झाला की शेजारीण म्हणते, 'आमच्या पोरीचा पण कर गं, सामानाचे पैसे घे.' दोनाचे चार आणि चाराचे दहा ऑर्डर व्हायला वेळ लागत नाही.

अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ मध्ये 'अन्न व्यवसाय' या शब्दाची व्याख्या नफा असो वा नसो, दोन्हीला लागू होते. 'मी फायदा घेत नाही' हे उत्तर त्यामुळे पुरत नाही. नियमित विक्री सुरू झाली की एफएसएसएआयकडे नोंदणी करायची. छोट्या व्यावसायिकाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी चालते. २०११ च्या नियमांत त्यासाठी वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठरलं होतं. अर्ज फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर भरता येतो, फोटो आणि ओळखपत्र लागतं. अर्ज करताना त्या दिवशीची मर्यादा आणि शुल्क तिथेच बघून घ्या.

आणि खोक्यात बंद करून विकणार असाल तर खुणेचं लक्षात ठेवा. अंडं घातलेल्या केकला आपल्या नियमांत हिरवा ठिपका चालत नाही, तो मांसाहारी गटात मोजला जातो. माळकरी घरात केक पाठवताना हे आधी विचारून घ्या.