पेट्राचा खरा खजिना

जॉर्डन देशाच्या दक्षिणेस, तांबूस डोंगरांच्या कुशीत पेट्रा हे प्राचीन नगर आहे. तिकडे जाणारी वाट ‘सिक’ नावाच्या एका चिंचोळ्या घळीतून जाते. या घळीची लांबी सुमारे १२०० मीटर. दोन्ही बाजूंचे कडे काही ठिकाणी ८० मीटरपर्यंत उंच गेलेले, तर काही ठिकाणी वाटेची रुंदी जेमतेम ३ मीटर. माथ्यावर आकाशाची केवळ निळी रेघ दिसते. घळ संपते आणि अकस्मात डोंगरात कोरलेली, सुमारे ४० मीटर उंचीची गुलाबी वास्तू समोर उभी राहते. ‘अल-खजना’ हे तिचे अरबी नाव. आपल्या ‘खजिना’ या शब्दाचेच ते भावंड!

ही वास्तू बहुधा एखाद्या नबाती राजाची समाधी असावी. परंतु तिच्या शिरोभागी कोरलेल्या कलशात राजाचे धन दडले आहे, अशी तेथील बदाऊन लोकांची जुनी समजूत होती. कलश फुटून सोने खाली पडावे म्हणून त्यांनी त्यावर गोळ्या झाडल्या. त्या गोळ्यांच्या खुणा आजही दिसतात. कलश मात्र भरीव दगडाचा आहे. त्यात काहीही नाही.

या कलशाकडे मान वर करून पाहणारा प्रवासी ज्या घळीतून चालत आलेला असतो, तिच्या भिंतीकडे त्याचे फारसे लक्ष गेलेले नसते. त्या भिंतीत एका अंगाला दगडात कोरलेला पाट आहे; दुसऱ्या अंगाला भाजलेल्या मातीच्या नळांची ओळ होती. नगरापासून काही अंतरावर ‘ऐन मूसा’ म्हणजे मोशेचा झरा आहे. मोशेने काठीने खडकावर प्रहार केला आणि पाणी वाहू लागले, ही जुन्या करारातील घटना स्थानिक परंपरा याच झऱ्याशी जोडते. जवळच्या एका शिखरावर अहरोनाची कबर दाखवतात. त्या झऱ्याचे पाणी या पाटांतून आणि नळांतून नगरात खेळवले जात असे.

नबाती मूळचे भटके अरब. ते वाळवंटात गुप्त टाकी खोदत. टाक्याचे तोंड अरुंद, पोट विशाल, आणि खुणा फक्त त्यांनाच ठाऊक, असे वर्णन ग्रीक इतिहासकार डायोडोरस याने केले आहे. पाण्याच्या या विद्येवरच त्यांचा व्यापार उभा राहिला. अरबस्तानातील ऊद आणि गंधरस लादलेले उंटांचे तांडे त्यांच्या प्रदेशातून भूमध्य समुद्राकडे जात. बाळ येशूच्या चरणी मागी लोकांनी वाहिलेल्या भेटींत याच दोन सुगंधी वस्तू होत्या, हे वाचकांना सांगायला नकोच.

पवित्र शास्त्रातही या राज्याचा मागोवा लागतो. दिमिष्कात संत पौलाला धरण्यासाठी ज्या अरीत राजाच्या अधिकाऱ्याने पहारा बसवला, तो अरीत पेट्राचाच राजा. त्याने इ. स. पू. ९ ते इ. स. ४० या काळात राज्य केले. त्याची कन्या हेरोद अंतिपासाला दिली होती. तिला टाकून हेरोदाने हेरोदियेशी संसार थाटला आणि त्याचा निषेध करणाऱ्या योहानाला आपले शिर गमवावे लागले.

आपल्या किनाऱ्यालाही पेट्रा अगदीच परके नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पेट्राचा व तिच्या मालिखस राजाचा उल्लेख आहे, आणि त्याच पुस्तकात पुढे सोपारा व कल्याण या बंदरांचीही नावे येतात.

इ. स. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्रेजन याने हे राज्य आपल्या साम्राज्यात विलीन केले. ३६३ सालच्या भूकंपाने नगराची मोठी हानी केली. पुढे तेथे ख्रिस्ती मंदिरे उभी राहिली, परंतु व्यापाराच्या वाटा बदलल्या होत्या. नगर हळूहळू ओस पडले. युरोपला त्याचा पुन्हा परिचय झाला तो १८१२ साली, योहान बुर्कहार्ट या स्विस प्रवाशामुळे.

नबाती लोकांना जसे पाणी आणणे ठाऊक होते, तसेच ते थोपवणेही. पावसाळी लोंढा सिकमध्ये घुसू नये म्हणून त्यांनी घळीच्या तोंडाशी बंधारा घातला आणि डोंगर पोखरून सुमारे ८८ मीटर लांबीच्या बोगद्यातून पाणी दुसरीकडे वळवले. शतकांच्या ओघात तो बंधारा निकामी झाला. एप्रिल १९६३ मध्ये फ्रेंच यात्रेकरूंचा एक मेळा सिकमधून चालला असताना अकस्मात लोंढा आला. वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बायबलचे अभ्यासक असलेले धर्मगुरू झाँ स्टाइनमान हेही होते. त्यानंतर जुन्या बंधाऱ्याच्या जागीच नवा बंधारा बांधण्यात आला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटांना जे ठाऊक होते, ते पुन्हा शिकण्यासाठी एवढी किंमत मोजावी लागली. तरीही निसर्ग पूर्णपणे आवरला गेलेला नाही. नोव्हेंबर २०१८ च्या पुरात पेट्रातून हजारो पर्यटकांना बाहेर काढावे लागले.

१९८५ साली पेट्राचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्तंभ, शिल्पे आणि शिखरे येतात. परंतु ती शिल्पे कोरणारे हात ज्या पाण्यावर जगले, त्या पाण्याची वाट हादेखील वारसाच. सोपाऱ्याच्या परिसरातील आपल्या गावांत वाडवडिलांनी बावखले राखली, विहिरी बांधल्या. त्यांतील अनेक बावखले आपल्याच पिढीने बुजवली. पेट्राचा कलश रिकामा निघाला. खजिना वाटेवरच्या पाटात होता. आपण कोणत्या कलशावर नेम धरून बसलो आहोत, याचा विचार व्हावा.